पाटीची लाल बाजू

आमच्या दवाखान्यासमोरच्या कडुलिंबाला मी एक पाटी टांगली होती. पाटी कसली, बिस्किटांच्या मोठ्या डब्याचं चौकोनी झाकण. एक बाजू पांढरी रंगवलेली, दुसरी लाल. पांढरी बाजू रस्त्याकडे असली की डॉक्टरीणबाई, म्हणजे मी, गावात. लाल असली की बाई बाहेरगावी. त्यावर अक्षर एकही नव्हतं, कारण त्या भागात वाचता येणारे पुरुषच मोजके होते आणि माझी गरज पडायची ती बायकांना. ही युक्ती माझी स्वतःची. तिचा मला इतका अभिमान होता की नागपूरच्या मैत्रिणीला पत्रात पाटीचं चित्र काढून पाठवलं होतं. आज त्याच पाटीबद्दल लिहायला बसले आहे आणि या वयातही कानशिलं गरम झाली आहेत.

आता तो भाग वाशीम जिल्ह्यात येतो. पन्नासच्या दशकात सगळं अकोल्याच्याच नावावर चालायचं. गावाचं नाव मी लिहिणार नाही, कारण गावाचा काही दोष नव्हता. आसेगावाकडून कारंज्याला जाणाऱ्या बैलगाड्या, तिकडच्या बोलीत बंड्या, तिथून जायच्या, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. दवाखान्यात एक मोठे डॉक्टर, एक कंपाउंडर, एक म्हातारी आया आणि मी. ताप, खरूज, साप चावलेला माणूस, असलं सगळं मोठे डॉक्टर बघायचे. बायकांची बाळंतपणं माझ्याकडे. राहायला दवाखान्याच्या पाठीमागे दोन खोल्या होत्या. नेमणुकीच्या कागदात साफ लिहिलं होतं की माझ्या कामाला ठरलेली वेळ नाही. बोलावणं आलं की निघायचं, ताट वाढलेलं असलं तरी. रजा हवी असेल तर आधी मोठ्या डॉक्टरांना सांगायचं, आणि ज्यांचे दिवस भरत आले आहेत त्या बायकांची दुसरी सोय लावायची. तो कागद नीट वाचून मी त्यावर सही केली होती.

पाटी लावायचं कारणही चांगलंच होतं. मी एखाद्या खेड्यात बाळंतपणाला गेले की दुसऱ्या गावाहून आलेली माणसं माझ्या दारात बसून राहायची, आणि त्यात अडलेल्या बाईचा मोलाचा वेळ जायचा. पाटीमुळे त्यांना रस्त्याच्या वळणावरूनच कळायला लागलं. लाल दिसली की बंडी दारापर्यंत यायचीच नाही. वळणावरून सरळ माझ्या खोल्यांच्या मागून जाणाऱ्या कारंज्याच्या रस्त्याला लागायची. मागे विहीर होती आणि जनावरांसाठी हौद होता. तिथे बैलांना पाणी पाजायचं आणि पुढे निघायचं. पाटी फिरवण्याचं काम आयाकडे होतं. दोन महिन्यांत ती सगळ्या पंचक्रोशीला पाठ झाली. लोक तिच्यावरून एकमेकांची थट्टाही करायला लागले. बायकोशी भांडून चावडीवर येऊन बसलेल्याला विचारायचे, "काहून गा, घरी पाटी लाल हाये का?" लोकांनी एखाद्या गोष्टीची थट्टा सुरू केली म्हणजे ती त्यांनी आपली मानली, असं मला वाटायचं. पाटी खोटं सांगेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

ती मुलगी पहिल्यांदा आली ती माघ महिन्यात, सासूबरोबर. वय अठरा-एकोणीस, उंची माझ्या खांद्याइतकी. सातवा महिना. माहेरी आई नव्हती म्हणून पहिलटकरीण असूनही ती सासरीच राहिली होती. मी तपासलं, मापं घेतली. कमरेचं हाड अरुंद होतं. मूल अडणार, आणि चिमटा लावून काढावं लागणार, हे मला त्याच दिवशी दिसलं.

सासूला मी म्हणाले, "हिचं बाळंतपण घरी करायचं नाही. पहिली कळ आली की बंडी जुंपायची आणि इकडे यायचं."

"आमच्या घरी आजपावेतो कोनी दवाखान्यात बाळंत झालं नाही, बाई," सासू म्हणाली. भांडण म्हणून नव्हे, आपलं सांगायचं म्हणून.

मी तेव्हा तापट होते. आजही आहे, पण आता ऐकून घ्यायला कुणी नसतं. मी तिला फाडकन म्हणाले, "मग पहिली हीच. घरी ठेवलीत आणि काही झालं तर माझ्याकडे रडत येऊ नका."

सासूनं मान खाली घातली. सुनेचं मात्र आमच्याकडे लक्षच नव्हतं. ती दाराच्या फटीतून माझ्या खोलीतल्या शिवणाच्या मशीनकडे बघत होती. हाताने फिरवायचं काळं मशीन, मी हौसेनं घेतलेलं. मी तिला आत बोलावलं आणि एक चिंधी सुईखाली धरून मूठ फिरवायला दिली. तिनं आधी हळू फिरवली, मग जोरात. खडखडखड आवाज झाला तशी तोंडाला पदर लावून खुदूखुदू हसत सुटली. "लयच बोलते हे," म्हणाली. दोन-चार वेळा फिरवूनही तिचं मन भरेना. सासूनं बाहेरून हाक मारली तेव्हा उठली.

जाताना तिनं विचारलं, "बाई, तुमी असान ना पन तवा?"

"असणार म्हणजे? तुझं नाव मी वहीत घेतलंय. वळणावरून पाटी बघ. पांढरी असली की मी आहेच."

नाव वहीत घेण्याचा अर्थ मला चांगला ठाऊक होता. शिकत असताना आमच्या एका मास्तरांनी तो घोकून घेतला होता. ते म्हणायचे, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला तपासायला नाही म्हणणं हा एक वेळ तुमच्या मनाचा प्रश्न असेल. पण एकदा नाव घेतलंत, पोटाला हात लावलात, 'ये' म्हणालात, की ती बाई तुमची. मग तुम्हाला दमायचं असेल, रुसायचं असेल, लग्नाला जायचं असेल, तर आधी तिला दुसऱ्या डॉक्टरच्या हाती द्या आणि मग खुशाल जा. कायदाही हेच सांगतो आणि माणुसकीही. आम्ही मुलींनी ते वहीत लाल शाईने अधोरेखित केलं होतं. परीक्षेत त्यावर मला चांगले गुण मिळाले.

चैत्र आला. पोहरादेवीची यात्रा भरली. यात्रेत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ पसरू नये म्हणून दरवर्षी आजूबाजूच्या दवाखान्यांतली माणसं लस टोचायला जायची. आमचे मोठे डॉक्टर आणि कंपाउंडर दोघेही गेले. दवाखान्यात उरलो मी आणि आया. म्हणजे त्या दिवसांत माझ्याऐवजी उभं राहील असं दुसरं कुणी नव्हतं. हे मला माहीत होतं. मोठे डॉक्टर निघताना तीनदा सांगून गेले होते, "बाई, आता सगळा दवाखाना तुमच्यावर."

आणि त्याच आठवड्यात हेडमास्तरांच्या घरी चैत्रातलं हळदीकुंकू होतं.

हे लिहायला मला सगळ्यात जड जातं. कुणी मेलं होतं, मी तापाने फणफणले होते, तीन रात्री जागून डोळे मिटत होते, असलं एखादं कारण असतं तर किती बरं झालं असतं. तसलं काही नव्हतं. आदल्या वर्षी त्याच घरी मी विटक्या झंपरात गेले होते, थेट दवाखान्यातून. पन्ह्याचा पेला हातात देताना एक बाई सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या अंगाला फिनेलचा वास येतो हो, डॉक्टरीणबाई." सगळ्या हसल्या. मीही हसले. मी अठ्ठावीस वर्षांची, बिनलग्नाची. त्या घोळक्यात माझ्याकडे बघण्याची एक खास नजर असायची, आधी कीव आणि मग कुतूहल. ते हसणं मी वर्षभर मनात घोळवलं होतं. यंदा मोरपंखी रेशमाचं झंपर शिवून, केसांत मोगरा घालून, त्यांच्यापैकी कुणाहूनही ठसठशीत दिसायचं, असा चंग बांधला होता. कापड बेतून ठेवलं होतं, पण मोठे डॉक्टर नसल्याने दिवसभर रोगी येत राहिले आणि शिवायला सवड मिळेना. हळदीकुंकवाच्या दिवशी दुपार झाली तरी दोन्ही बाह्या आणि गळा राहिलेलाच.

मी आयाला म्हणाले, "पाटी लाल कर."

ती व्हरांड्यात सुपारी कातरत बसली होती. "कुठं जाता, बाई?"

"कुठे नाही. तासाभराचं काम आहे. कर म्हटलं की करावी."

"बाई, दिवस भरत आलेल्या दोघी-तिघी हायेत."

"आज काही होत नाही त्यांना," मी म्हणाले. हे मला कुणी सांगितलं होतं, देव जाणे.

ती उठली, उन्हात गेली, पाटी फिरवली आणि परत येऊन बसली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी आत जाऊन पुढचं दार लावलं, स्वयंपाकघरातली मागची खिडकी वाऱ्यासाठी उघडी ठेवली आणि मशीन घेऊन बसले.

एक बाही झाली. दुसरी लावायला घेतली तेव्हा मागच्या बाजूला बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या. मग विहिरीची कप्पी करकरली. एक पुरुष बैलांना चुचकारत होता. मी मूठ फिरवायची थांबवली. खिडकी माझ्यापासून चार पावलांवर होती. उठून पाहिलं असतं तर हौद दिसला असता, बंडी दिसली असती. मी उठले नाही. कुणी वाटसरू असेल, असं मनाशी म्हणाले. यात्रेला चाललेले असतील, असं म्हणाले. बंडीतून कण्हण्याचा आवाज येत होता का, हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल त्याची गणती नाही. खरं उत्तर इतकंच आहे की मला ते ऐकायचं नव्हतं. मी मूठ पुन्हा फिरवायला लागले, आणि आधीपेक्षा जोरात फिरवली.

घंटा लांब गेल्या. बाही पूर्ण झाली. मी पाटी पांढरी करायला सांगितली, अंघोळ केली, झंपर घातलं. हळदीकुंकवाला सगळ्यांनी विचारलं, कुणी शिवलं हो इतकं सुरेख? आंब्याची डाळ फार छान झाली होती. मी दोनदा घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस दारात येऊन उभा राहिला. पंचविशीच्या आतबाहेरचा, डोळे सुजलेले. मी त्याला ओळखलं नाही. त्यानं आईचं आणि गावाचं नाव सांगितलं तेव्हा ध्यानात आलं की हा त्या मशीन फिरवणाऱ्या मुलीचा नवरा.

"बाई, तिले लय ताप हाये. दवा द्या."

"बाळंत झाली?"

"झाली जी. पोरगं होतं. रस्त्यातच झालं, बंडीत. रडलंच नाही." मग थांबून म्हणाला, "आमी परवा आलो होतो ना इथं. पाटी लाल दिसली. मागं बैलाले पानी पाजलं अन् कारंज्याकडं निंगालो. दिवस मावळेपावेतो कळा देऊन राह्यली बिचारी. नाल्यापाशी पोरगं झालं. तिथंच बाभळीखाली मातीत ठेवलं त्याले अन् बंडी माघारी फिरवली. मंग कारंज्याले कायले जा?"

त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. 'मी घरात होते' हे तीन शब्द होते. त्याऐवजी मी काय केलं ते सांगते. मी त्याच्यावर ओरडले.

"इतका उशीर का केलात? कळा सुरू झाल्यावर किती वेळ घरात बसवून ठेवली?"

"नाही जी, सकाळी सुरू झाल्या अन् तवाच बंडी जुंपली."

"मग आदल्या दिवशीच आणायला काय झालं होतं? मी सांगितलं होतं ना, हाड अरुंद आहे म्हणून? तुम्हा लोकांना सांगून काही उपयोग नाही."

त्यानं दोन्ही हात जोडले. "कसूर आमचीच हाये, बाई. एक दिवस आधी आनाव लागत होतं. तुमी नोत्या, त्याले तुमी तरी काय करान? नसीबच फुटकं."

त्यानं काहीही चुकवलं नव्हतं. मी सांगितलं तस्सं, पहिल्या कळेला बंडी जुंपली होती, वळणावरून पाटी पाहिली होती, लाल दिसली म्हणून वेळ न दवडता पुढे गेला होता. माझी युक्ती जशी चालायला हवी तशीच चालली होती. आणि मी त्या माणसाला माझ्याच दारात माझी माफी मागू दिली. आया व्हरांड्याच्या कोपऱ्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

मी लगेच त्याच्या बंडीत बसून त्याच्या गावी गेले. न बोलावता, पिशवीभर औषधं घेऊन. आता धाव घ्यायला मला कुणीच सांगितलं नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंग तव्यासारखं तापलेलं. मी टोचलं, पुसलं, टाके घातले, चहा पाजला. ती एकदा वळून माझ्याकडे बघत राहिली, फार वेळ, आणि मग पुन्हा वळली.

सासू माझ्यासाठी दुधाचा पेला घेऊन आली. म्हणाली, "तुमी पोहऱ्याले गेल्या होत्या म्हनतात जत्रेत, टोचाले."

"हो," मी म्हणाले.

इतकं सोपं होतं ते. सगळ्यांना ते आधीच पटलेलं होतं; मला फक्त मान हलवायची होती. मी मान हलवली आणि वर दूधही प्यायले.

तिच्याकडे मी दहा-बारा फेऱ्या केल्या. ताप उतरला, ती उठून बसली, हिंडू-फिरू लागली. गावात माझं नाव झालं, की बाई बोलावल्याशिवाय येते, लय मायाळू आहे. आयानं मात्र दुसऱ्याच दिवशी मला सांगून टाकलं होतं, "बाई, भांडे घासतो, झाडतो, मेलेलंही उचलतो. पन त्या पाटीले आता माहा हात लागनार नाही." तेव्हापासून पाटी मीच फिरवायची. काढून टाकावी असं शंभरदा मनात आलं. पण काढली तर लोक विचारतील का काढली, म्हणून ती टांगलेलीच राहिली.

पावसाळ्यानंतर जिल्ह्याहून एक वरिष्ठ डॉक्टर तपासणीला आले. वही चाळताना त्या नावापाशी थांबले. नाव दाखल, आणि पुढे माझ्याच अक्षरात: वाटेत मृत मूल.

"हिला इथे यायला सांगितलं होतं ना तुम्ही? मग काय झालं?"

"ते पुढे कारंज्याकडे गेले," मी म्हणाले.

"त्या दिवशी दवाखाना तुमच्याकडे होता?"

"हो."

"बोलावणं आलं होतं का?"

"नाही."

"कुणी दारात आलं? निरोप?"

"नाही."

"मग प्रश्न मिटला," ते म्हणाले. "बोलावणंच नाही, तर नकार कुठला?" त्यांनी सही केली आणि पान उलटलं.

मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते. बोलावणं आलं नव्हतं, कारण बोलावणं माझ्यापर्यंत येऊच नये अशी सोय मी झाडाला टांगून ठेवली होती. कायद्याला नकार हवा असतो: कुणी तरी दार ठोठावलेलं, कुणी तरी 'जा' म्हटलेलं. मी 'जा' म्हणाले नाही, मी फक्त एक झाकण उलटं केलं. ते साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला असता, 'बाई, तुम्ही तेव्हा होता कुठे?', तर मी काय उत्तर दिलं असतं कोण जाणे. त्यांनी विचारला नाही आणि मी सुटकेचा श्वास टाकला. त्या श्वासाची मला अजून लाज वाटते.

मशीन मी पलंगाखाली ढकललं. ते झंपर पुन्हा अंगाला लावलं नाही.

दीड वर्षानं, दिवाळी झाल्यावर, एक बंडी दवाखान्याच्या आवारात येऊन थांबली. तीच. मशीन फिरवणारी पोर, पुन्हा पोटुशी, आठवा महिना. बरोबर सासू, वळकटी, ज्वारीच्या पिठाची पिशवी, तवा, पाट्यावरचा वरवंटासुद्धा. नवरा म्हणाला, "बाई, या खेपेले कळा येईपावेतो थांबत नाही आमी. बाळंत होईपावेतो इथंच राह्यते ती." आणि त्यानं तुराट्यांचा आडोसा उभा करायला घेतला. गावात दोन दिवस हसू झालं. दवाखान्यात बाळंतपणाआधी महिनाभर बिऱ्हाड थाटलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

सासूला समोर, कडुलिंबाच्या सावलीत राहायचं होतं. सून मात्र ऐकेना. तिला मागची बाजूच हवी होती, हौदाजवळ, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. तिथे ऊन, डास, जनावरांचा राडा. मी सांगून पाहिलं.

"इथूनच बरं हाये, बाई," ती म्हणाली.

चार-पाच दिवसांनी मी खिडकीतून तिला वाटीभर आमटी देत होते. तिनं विचारलं, "मशीन कुठं गेलं, बाई?"

"आहे. हल्ली काढत नाही."

"काढत जा ना. चालवत जा. मले आवडते ते."

मला भरून आलं. वाटलं, या पोरीच्या मनात काही नाही. हिला तर मशीनची गंमतच आठवते आहे. मी त्याच दुपारी मशीन पुसून तेल घातलं. मग रोज दुपारी, हातात काम नसलं की, मी काही ना काही शिवत बसायची. दवाखान्याचे अभ्रे शिवले, आयाला चोळी शिवली, जुन्या मऊ धोतराची झबली शिवली. मशीन सुरू झालं की ती आडोशात हाताची उशी करून झोपी जायची. थांबलं की जागी व्हायची, हे मी नंतर पाहिलं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

एका सकाळी कळा सुरू झाल्या. दुपारपर्यंत मी तिच्यापासून हललेही नाही. मूल अडलं, मी चिमटा लावला, आणि मुलगी झाली. रडायला थोडा वेळ लागला, तोवर मी तिची पाठ चोळत राहिले. मग ती रडली. सासू रडली, आया रडली. मीही रडले, पण माझं रडणं वेगळं होतं.

बारा दिवस झाले. न्यायला बंडी आली. सासू आणि नवरा सामान भरत होते. मी तिला आत बोलावलं, तीन झबली तिच्यापुढे ठेवली आणि ठरवलं की आता बोलायचं. आजवर कुणापुढे बोलले नव्हते.

"मला तुला काही सांगायचंय," मी म्हणाले. "त्या दिवशी, पहिल्या खेपेला, पाटी लाल होती, पण मी..."

"माईत हाये मले," ती म्हणाली. ती लेकराला दुपट्यात गुंडाळत होती. वर पाहिलंही नाही. "बैल पानी पेत होते तवा मशीन वाजून राह्यलं होतं. मी वळखलं ना आवाज."

"मग तू ओरडली का नाहीस? नवऱ्याला सांगितलं का नाहीस?"

"मले वाटलं, बाई घरात हाये अन् पाटी लाल हाये, म्हंजे बाईले आज माह्यासाठी यायचं नसन. मोठ्या मानसायचं असते काही. मंग सांगून काय करू? त्यायले सांगतलं असतं तर ते भांडले असते. मंग या खेपेले आमी कुठं आलो असतो?" तिनं दुपट्याची गाठ मारली. "म्हनून मागं बसली मी. पाटी पाह्यलीच नाही या खेपेले. मशीन वाजलं का बाई घरात हाये, एवढंच ध्यान ठेवलं. वाजाचं बंद झालं का जीव घाबरे."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगत होती. तिनं दीड वर्षापूर्वी, तापात पडलेली असताना, तिच्या सासूला मी 'हो' म्हणालेलंही ऐकलं असणार. तरी त्यानंतरच्या सगळ्या फेऱ्यांत तिनं मला अंगाला हात लावू दिला होता. तिला दुसरं कुणी नव्हतंच.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "फार चुकलं माझं."

ती जरा गोंधळली. डॉक्टरीणबाईनं असं म्हटल्यावर काय म्हणायचं असतं ते तिला ठाऊक नव्हतं. "असू द्या, बाई," असं काहीतरी म्हणाली. मग ती झबली उचलून तिनं एकेक नीट घडी घातली, पिशवीत सगळ्यात वर ठेवली, वाकून माझ्या पायाला हात लावला आणि लेकरू घेऊन बंडीत जाऊन बसली.

त्या संध्याकाळी मी पाटी काढली. का काढली म्हणून कुणीही विचारलं नाही.

ती झबली तिनं घेतली नसती, माझ्या अंगावर फेकून दिली असती, तर माझी थोडी तरी सुटका झाली असती. तिनं ती घेतली. पुढच्या दोन्ही बाळंतपणांनाही ती माझ्याकडेच आली, दर वेळी महिनाभर आधी, आणि दर वेळी मागच्या खिडकीखालीच बसली.